आमच्या घराची काळी दोन

हे आत्ताच सांगायचंय. उद्या दुपारनंतर सांगून काही उपयोग नाही. टायपिंगच्या क्लासला बसलेय, सर चहाला गेलेत, प्रॅक्टिसचा कागद मशीनवर होताच, त्याच्यावरच सुरू केलंय. चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

उद्या माझी धाकटी बहीण शाळांच्या गायनस्पर्धेत अभंग म्हणणार आहे. तिसरीत आहे ती. आणि तिचा आवाज जाणार आहे. मला माहितीये, कारण माझा अस्साच गेला.

ज्यांना पेटी माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. पेटीच्या काळ्या पट्ट्या मोजतात, काळी एक, काळी दोन, अशा पाच. तुमचा सा जिथे बसतो ती तुमची पट्टी. ज्याच्या त्याच्या गळ्याप्रमाणे वेगळी. आमच्या घरात मात्र सगळ्यांची एकच. ‘आपल्या घराची पट्टी काळी दोन,’ बाबा म्हणायचे, आपलं गाव सांगावं तसं. त्यांच्या गळ्याला ती बरोबर बसायची. मला मात्र तीच काळी दोन वरच्या सप्तकात घ्यावी लागायची. मी तेव्हा चौथीत.

ऐंशीच्या आसपासचं बेलापूर. आमची बिल्डिंग नवीन, समोरच्या तीन बिल्डिंगांत तर अजून कोणी राहायलाच आलं नव्हतं. संध्याकाळी बाबा मुंबईहून बसने यायचे, हातपाय धुवायचे आणि सतरंजीवर पेटी काढायचे. मी खिडकीकडे तोंड करून बसायचे. माझा वरचा सा त्या रिकाम्या घरांत जायचा आणि जरासा उशिराने परत यायचा, दुसरंच कोणी पोर तिकडे गातंय असा. मला त्या पोराची भीती वाटायची.

बाबांनी कधी हात उचलला नाही, हे आधी सांगते. सूर लागला नाही की ते भाता सोडून द्यायचे, एवढंच. हवा फुस्स करून जायची आणि मग जेवणं होईपर्यंत घरात कोणी बोलायचं नाही. मला त्या फुस्सची इतकी सवय झाली की शाळेत पाढा म्हणतानापण मी बाईंच्या चेहऱ्याकडे बघायचे, हवा जातेय का म्हणून. तरी पाठांतर माझं सगळ्यात पक्कं हां! स्टेजवर ताठ उभी राहायचे. सगळे म्हणायचे गाण्याने पोरगी हुशार झाली. ते खोटं नाही.

आई रोज शाळेच्या डब्याबरोबर ज्येष्ठमधाची काडी द्यायची. ‘चघळ, घसा मोकळा होईल.’ काडी कशाला लागते, हे तिने कधी बाबांना विचारलं नाही.

विचारलं ते शाळेतल्या संगीताच्या बाईंनी. एकदा घरी आल्या, माझं गाणं ऐकलं आणि सरळ म्हणाल्या, ‘अहो, हिला खालच्या सप्तकातल्या काळी पाचला घ्या. पुष्कळ खाली येईल. असं ओढून गळा जाईल पोरीचा.’

‘आमच्यात काळी दोनच गातात, बाई.’

‘बरं, दोनच ओळी वाजवा काळी पाचला. मी ऐकते.’

बाबांनी भाता सोडला. ‘चिकटलीये ती. खाडीची हवा, पट्ट्या फुगतात.’ आईला म्हणाले, ‘चहा टाक.’ विषय संपला.

त्या वर्षीच्या स्पर्धेत अंतऱ्याला मी वर गेले आणि तोंडातून नुसती हवा आली. पेटीचीच हवा. समोर माणसं बसलेली. बाबा वाजवतच राहिले, पूर्ण ओळ वाजवली.

नंतर डॉक्टर, मौन, गुळण्या. गाण्याचा आवाज काही परत आला नाही. बोलण्याचा आला, पण हा असा, घोगरा. दिवाळे गावच्या कोळीवाड्यातून मासळी घेऊन येणारी मावशी अजून दारात विचारते, ‘काय गो पोरी, तुझी सर्दी गेली नाय आजून?’ आठ वर्षांची सर्दी! मीपण हसते. बहीण जन्मली ती त्याच वर्षी.

गाणं गेल्यावर मी त्याच बाईंकडे पेटी शिकायला गेले. पहिल्या महिन्यातच त्यांनी एकच चाल पाचही काळ्यांवर बसवून घेतली. घरी आले. बाबा नव्हते. आमच्या पेटीवर काळी पाच दाबली.

चिकटलेली नव्हती. कधीच नव्हती.

बाबा गावच्या भजनात बघून बघून पेटी शिकलेले. त्यांना तेवढी एकच पट्टी वाजवता येते. एवढंच! हे ते बाईंसमोर बोलू शकले नाहीत. आणि मी हे घरात आजपर्यंत बोलले नाही. आईला माहीत असेल का? मला वाटतं, असेल.

परवा बहिणीच्या कंपासपेटीत ज्येष्ठमधाची काडी सापडली.

त्यात बाबांचं बोट बसच्या दारात चेमटलंय, बँडेज आहे, म्हणून उद्या साथीला मी. आज सकाळी ते दाढी करायला सलूनमध्ये गेले तेवढ्यात मी तिला काळी पाचचा सा दिला.

‘ताई, हा आपला नाही.’

‘म्हणून तर बघ.’

ती गायली. काय सांगू! मानेची शीर नाही, खांदे वर नाहीत, गोल, मोकळा आवाज. अंतरापण गेला सहज. मला रडूच यायला लागलं. तर ती मध्येच थांबली, घाबरून माझ्याकडे बघत म्हणाली, ‘सोप्पं जातंय गं. म्हणजे चुकतंय ना माझं?’

मी काही बोलायच्या आत बाहेर दाराची कडी वाजली. तिने माझा हात बाजूला केला, स्वतःच्या बोटाने काळी दोन दाबली आणि वर बघून गायला लागली. बाबा आत येईपर्यंत ओळ अर्धी झालीपण होती. ‘शाब्बास,’ बाबा म्हणाले. ती खोकली. ‘काही नाही, ठसका,’ तीच म्हणाली.

तर उद्या मी काळी पाचच धरणार आहे. ठरलंय. बाबा समोरच बसलेले असतील, पहिल्याच सुराला त्यांना कळेल, कळू दे. पण मला भीती त्यांची नाही वाटत आता. ती माझा सा ऐकेल, त्यांच्याकडे बघेल आणि माझ्या पेटीला सोडून एकटीच काळी दोनला जाईल, याची वाटते. मग मी काय करू? वाजवत राहू?

सर जिना चढतायत. तुमच्या घरात होती का अशी एकच पट्टी? आणि तुमच्यातल्या कोणी ती कधी बदलून बघितली का?