ओट्यावरची घागर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशात लेकी माहेरी येतात आणि गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, सोबत आंबे. उन्हाळ्यात त्यांनाही तहान लागत असेलच की. वडील गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला मी जळगावहून अमळनेरला उतरून गावी पोचले, तर आईनं घागर भरून ठेवलेली. आता माझी आई ख्रिस्ती. लग्नाआधीपासून. दर रविवारी प्रार्थनेला जाणारी, बायबल उशाशी घेऊन झोपणारी बाई. आणि घागर देवघराच्या जागी नाही, बाहेर ओट्यावर.

"बाहेर का?" मी विचारलं.

"त्या कव्हय मझार येतस?" ती म्हणाली.

त्या म्हणजे वडील; ते कधी आत येत नसत, हे खरंच होतं. वडील शेतकरी, कुलदैवत मानणारे. आईला रविवारी मोटारसायकलवर प्रार्थनेला न्यायचे आणि स्वतः बाहेर निंबाखाली बसायचे. कोणी आत बोलावलं तर म्हणायचे, "मी आठेच बरा." एवढ्या वर्षांत आत गेले ते एकदाच. भर उन्हाळ्यात आईला प्रार्थनेत चक्कर आली, कोणीतरी ओरडलं, आणि हा माणूस पाण्याचा तांब्या घेऊन चपलांसकट थेट आत धावला. आई शुद्धीवर आल्यावर आधी चपलांवरूनच चिडली. ती शुद्धीवर आली म्हटल्यावर स्वारी परत निंबाखाली.

त्या दुपारी नेमके आईच्या चर्चचे पाळकसाहेब आले. आई दोन रविवार गेली नव्हती, म्हणून चौकशीला. मी घागरीसमोर पदर आडवा धरून ती लपवायच्या बेतात होते, पण त्यांनी ती पाहिली. आता आईला चार शब्द ऐकावे लागणार, या विचारानं मी आधीच भांडायच्या तयारीत. म्हातारा मात्र ओट्यावर टेकला आणि त्यानं नुसतं विचारलं, "भाऊंसाठी का?" वडिलांना गावात सगळे भाऊच म्हणत.

आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतके दिवस पोटात ठेवलेलं तिनं विचारून टाकलं. "साहेब, खरं सांगा. त्या तठेबी बाहेरच बठेल व्हतीन का, उनमा?"

प्रार्थनेला न जाण्याचं कारण तेव्हा मला कळलं. स्वर्गाबद्दल ऐकताना तिला तो निंब आणि त्याखाली बाहेर बसलेले वडीलच दिसत होते.

"अक्का, स्वर्गाच्या किल्ल्या माझ्याकडे नाहीत," पाळकसाहेब म्हणाले. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी उगीच ते आत आहेत म्हणणार नाही." मला त्यांचा राग आला. मेलं, आत आहेत म्हणायला काय जात होतं? पण त्यांनी पिशवीतून बायबल काढलं आणि अगदी शेवटची पानं उघडली. देवाच्या नगराबद्दल वाचू लागले. तिथं देव स्वतः माणसांच्या डोळ्यांतलं पाणी पुसतो. मरण नाही, रडणं नाही, दुखणं नाही. रात्र होत नाही आणि त्या नगराच्या वेशी कधी बंद होत नाहीत.

"थांबा," आई म्हणाली. "ते परत वाचा."

त्यांनी वेशींचं परत वाचलं.

"दारं लावतस नही? कधीच नही?"

"कधीच नाही."

आई घागरीकडे वळली. हे तिनं आयुष्यभर ऐकलं असणार, पण दाराबाहेर आपलं माणूस बसलेलं असल्याशिवाय दाराकडे कोण लक्ष देतं? मग तिनं पदरानं तोंड पुसलं. घागरीतलं पाणी तांब्यात घेतलं आणि पाळकसाहेबांपुढे धरलं. ते उन्हातून आले होते, गटागटा प्याले.

"मंग काय काळजी नही," ती त्यांना म्हणाली. "मी वर गऊ का मझारथीन हाक मारसू. त्या चपला घालीसन धावत पयत येतीन."