धातू कोनच्या खानीतला?

वडवणीच्या बसस्टँडमागे कौसाबाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्त झालेला सेट त्या लगेच हातात देत नसत. त्यावर पूर्ण बातम्या लावायच्या आणि गिऱ्हाइकानं त्या बाकावर बसून ऐकायच्या. त्यापायी माझी बीडची गाडी दोनदा चुकली. मी कुरकुर केली की म्हणायच्या, "गुरुजी, गानं तर बिघडला सेट बी म्हनतो. बातम्या संपंस्तोर खरखर आली न्हाई, तरच पास!"

ऊसतोड कामगारांच्या कोपीत, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, त्यांचा जन्म. नवरा रेडिओ मेकॅनिक. तो गेल्यावर बाईंनी त्याची हत्यारं उचलली आणि बघता बघता त्याच्यापेक्षा तरबेज झाल्या.

बाजार खुला झाला, बीडला मोबाइल आले. त्याच सुमारास दुरुस्तीच्या एका सेटवर परदेशी केंद्राच्या हिंदी बातम्या लागल्या होत्या. आफ्रिकेतल्या काँगोत खाणींसाठी बंदूकवाल्या टोळ्या लढतात, गोरगरिबांना जुंपून माती उकरून घेतात आणि त्यातला धातू मोबाइलमध्ये बसतो, असं बाईंनी ऐकलं. त्यांनी मला शाळेतला नकाशा आणायला लावला; तो दुकानातच राहिला. मग जो येईल त्याला बाई जुन्या सर्किटवरचा, मोबाइलमध्येही बसतो तसला डाळीएवढा पिवळा तुकडा चिमट्यात धरून दाखवत. "ह्याच्यातला धातू कोनच्या खानीतला, इचारा. चहात साखर टाकताना आमची ऊस तोडनारी माय कुनाला दिसली का? तसंच हाय हे."

वडवणीत टॉवर येणार म्हटल्यावर बीडचा एक वितरक त्यांना मोबाइलची एजन्सी द्यायला आला. पक्का गाळा, काचेचं शोकेस. अट एकच, नकाशा आणि भाषण बंद. गळक्या पत्र्यांकडे बघून मी म्हणालो, "घ्या ना बाई. तुम्ही एकट्या गप्प बसल्यानं तिकडचं काय बिघडणार आहे?" हे वाक्य आठवलं की आजही लाज वाटते.

बाई वितरकाला म्हणाल्या, "लई चांगलं साहेब. फकस्त धातू कोनच्या खानीतला ते लिहून द्या. उद्याच पाटी लावते."

तो तणतणत गेला आणि एजन्सी समोरच्या कापडवाल्याला मिळाली. मला वाटलं, विषय संपला. पण बाईंच्या बाकावर बातम्या ऐकलेली माणसंच त्याचीही गिऱ्हाइकं होती. फोनची हौस सगळ्यांना, तरी घेण्याआधी विचारायचीच, "शेठ, ह्यातला धातू कोनच्या खानीतला?" महिन्याभरात तोच वितरक बाईंच्या बाकावर येऊन बसला.

"बाई, लोकांना सांगू तरी काय?"

"म्हाईत न्हाई, हे खरं ते सांगा. आन् तुमी बी वर इचारा की, कंपनीला!"

त्यानं तिथंच बसून कंपनीला पत्र लिहिलं. त्याचं इंग्रजी मी तपासलं.

उत्तर काही आलं नाही. पुढे बाईही गेल्या. परवा बीडला मुलीसाठी मोबाइल घ्यायला गेलो, तेव्हा तोच प्रश्न केला. "काका, असं कोणीच विचारत नाही," विक्रेता हसून म्हणाला.

"वडवणीत विचारतात," मी म्हणालो. "तुम्ही कंपनीला फोन लावा." आणि खुर्ची ओढून समोर बसलो.