पावणेपाच इंच

माझ्या नातवंडांनो, हे आत्ताच लिहायला बसण्याचं कारण तुम्हीच आहात. मागच्या महिन्यात तुमच्याकडच्या लग्नात धाकटे आजोबा भेटले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या आजीनं चार चाकांपायी सख्ख्या दिराला तोडलं." मग तुम्ही फोनवर हसत विचारलंत, "आजी, इज इट ट्रू?" हो, खरं आहे. पण त्यांनी अर्धंच सांगितलं, आणि अर्धं नेहमी सांगणाऱ्याच्या सोयीचं असतं. उरलेलं मी क्रमाने सांगते.

तुमच्या आजोबांची गाडी तुम्ही फोटोत पाहिली आहे. दोन दारांची, लांब नाकाची, आठ सिलिंडरची, इथल्याच, ऑस्ट्रेलियातल्या कारखान्यातून माझ्या लग्नाच्या सुमारास बाहेर पडलेली. इथे अशा गाडीला मसल कार म्हणतात. आजोबांनी ती मोडक्या अवस्थेत घेतली आणि नऊ वर्षं शनिवार-रविवार खपून उभी केली. त्यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे तुमच्या धाकट्या आजोबांनी, बघून तशीच एक घेतली. भाऊजीही इंजिनिअर, पण आजोबा हात काळे करत आणि भाऊजी कागदावर गणित करत.

आजोबा गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात भाऊजी मेलबर्नच्या दुसऱ्या टोकाहून, ट्रुगानिनाहून आले. "वहिनी, गाडी उभी राहून सडेल. आठ दिवस माझ्याकडे द्या, सर्व्हिसिंग करून आणतो." मी किल्ली दिली. गाडी परत आली ती चार नव्या, काळ्या, रुंद चाकांवर.

"जुनी चाकं तडकली होती, फेकून दिली," ते म्हणाले. "ही माझ्यातर्फे भेट."

मी आभार मानले. डबाभर बेसनाचे लाडूही दिले. ते लाडू मला अजून टोचतात.

पुढच्याच आठवड्यात मी ग्लेन वेव्हर्लीच्या दुकानांकडे निघाले. पहिल्या स्पीड ब्रेकरवर मागून करकर आवाज आला, जळक्या रबराचा वास आला, आणि वळणावर टायर बसला. मडगार्डच्या आतल्या धारेने टायर सुरीने कापावा तसा कापला होता. भाऊजींना फोन केला.

"जोरात घेतली असेल तुम्ही."

"ताशी वीसवर होते."

"वहिनी, ही गाडी बायकांची नाही. विकायची तर मलाच सांगा, बाहेर देऊ नका."

मग कोविड आला आणि दारं बंद झाली. मेलबर्नमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, तासाभराहून जास्त फिरायचं नाही. गाडी गॅरेजमध्ये एका बसक्या चाकावर कललेली.

गणपतीत सगळं घर झूमवर जमलं. आरतीनंतर भाऊजींनी विषय काढला. आवाजात कळवळा होता. "दादाची आठवण म्हणून सांगतो. वहिनींना ती गाडी झेपत नाही. दसऱ्याला तिची पूजा होऊन ती रस्त्यावर चालली तर उत्तमच. नाहीतर मी घेऊन जातो, जपतो." पुण्याहून तुमच्या आत्याआजी म्हणाल्या, "बरोबर आहे त्याचं."

मी काही बोलणार तेवढ्यात भाऊजी आपली गाडी दाखवायला फोन घेऊन गॅरेजमध्ये गेले. कॅमेरा मागच्या डाव्या चाकावरून फिरला आणि मला माझा ओरखडा दिसला.

त्याआधी दोन वर्षं पार्किंगमध्ये कठड्याला चाक घासून तो मीच पाडला होता. कोयरीसारखा आकार. आजोबा आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते, त्यामुळे तो ओरखडा मी हजारात ओळखते. चाकं तडकली नव्हती, फेकलीही नव्हती. भाऊजींनी स्वतःच्या गाडीसाठी चुकीची चाकं मागवली, ती घासली, म्हणून ती माझ्या गाडीला लावली आणि भावाची स्वतःच्या. दोन्ही गाड्या एकसारख्या, म्हणजे ती माझ्याकडेही घासणार, हे त्यांना माहीत होतं.

मी म्हटलं, "चालेल. दसऱ्याला चालली नाही तर घेऊन जा."

तेव्हाच का बोलले नाही? ते म्हणाले असते, ओरखडे काय सगळ्याच चाकांना असतात. शिवाय गाडी बसकीच राहिली असती. मला आधी गाडी चालवायची होती, मग तोंड उघडायचं होतं, आणि तेव्हा सगळे बघत असायला हवे होते.

आजोबांनी चाकांचे आकडे कुठेच लिहून ठेवले नव्हते, आणि मी घरातल्या बल्बांचीही यादी ठेवणारी बाई. शून्यापासून सुरुवात केली. एक काळं चाक काढून पालथं घातलं, त्याच्या मागच्या काठावर शिवणाची लांब पट्टी आडवी ठेवली आणि तिथून खाली, गाडीला चिकटणाऱ्या सपाट भागापर्यंत मोजलं. तीन इंच. याला बॅकस्पेसिंग म्हणतात: चाक आतल्या बाजूला किती खोल जातं ते. रुंदी सारखी असून हा आकडा लहान असला की चाक तेवढंच बाहेर येतं. ब्लाउजची छाती बरोबर बेतून बाही भलतीकडे जोडण्यासारखं आहे. भाऊजींनी नुसती छाती बघितली होती.

काठापासून काठापर्यंत चाकाची रुंदी नऊ भरली. चाकं बनवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराचा नंबर मिळाला. शटर पाडून आत एकटाच काम करत होता. मी फोनवर ऐटीत सांगितलं, "मागची दोन नऊ इंची हवीत."

"कुठून मोजलीत, लव्ह?" इथे कुणालाही लव्ह नाहीतर मेट म्हणतात.

"या काठापासून त्या काठापर्यंत."

"मग ती आठ इंची आहेत. रुंदी मोजायची ती टायर बसतो तिथून, काठ सोडून. नऊ मागितलीत तर नऊ देईन, पण मग ती गाडीला नाही, कोंबड्यांना बसायला वापरा."

"आणि बॅकस्पेसिंग?"

"ते काठ धरून."

"एक काठ सोडून, एक काठ धरून. ही कसली पद्धत?"

"मी नाही काढली, मेट. मी फक्त चाकं बनवतो."

ती चूक मी वहीत लाल शाईने लिहिली. पुढचे चार दिवस गॅरेजमध्ये गेले. गाडी उचलून लोखंडी टेकू, म्हणजे घोड्या, मी अ‍ॅक्सलखाली लावल्या, कारण नुसती बॉडी उचलली तर अ‍ॅक्सल खाली लोंबतो आणि सगळी मापं खोटी येतात. मडगार्डच्या धारेवरून दोऱ्याला नट बांधून सोडला. चाक जिथे बसतं तिथून दोऱ्यापर्यंत सव्वापाच इंच. आत स्प्रिंगच्या पाट्यापर्यंत पावणेसहा. टायरची रुंदी साडेनऊच्या थोडी वर. शिवाय टायर पत्र्याबाहेर दिसता कामा नये, हा इथला नियम. भाऊजींची चाकं इंचभर बाहेर येत होती. दोन्हीकडे सारखी जागा सुटेल असा आकडा काढला: रुंदी आठ, बॅकस्पेसिंग पावणेपाच. पुढची सात इंची. ती वळतात, म्हणून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून त्यांची मापं वेगळी घेतली.

कारागिराने आकडे पुन्हा एकदा वदवून घेतले. मग म्हणाला, "हे कुणी काढलं?"

"मी."

"नो वरीज. तीन आठवडे."

चाकं टायरसकट फाटकाशी आली. ती मी उचलली नाही, फळीवरून सरकवली. मग टायरच्या कडांना ओली रांगोळी फासली आणि गल्लीतल्या प्रत्येक स्पीड ब्रेकरवरून गाडी नेली. घासलं असतं तर मडगार्डच्या आत पांढरा पट्टा उमटला असता. टॉर्च घेऊन रस्त्यावर पडून पाहिलं. एक ठिपका नव्हता. समोरचा शेजारी मास्कमधून ओरडला, "यू ओके, लव्ह?" मी इतकी ओके वर्षभरात नव्हते.

दसऱ्याच्या दुपारी फोन कचऱ्याच्या डब्यावर टेकवून सगळ्यांना झूमवर घेतलं. बागेतल्या पिवळ्या डेझीचा हार, हळदकुंकू, चाकांखाली लिंबं. गाडी सुरू केली, लिंबं चिरडली, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आले. टाळ्या झाल्या. भाऊजी म्हणाले, "वा वहिनी! बघा, माझीच चाकं शेवटी बसली ना?"

याची मी नऊ आठवडे वाट बघत होते.

"तुमची मागे भिंतीला टेकवून ठेवलीत भाऊजी, चारही. ही मी बनवून घेतली. आता तुम्ही गॅरेजमध्ये जा, मागच्या डाव्या चाकावर कोयरीसारखा ओरखडा आहे, तो पुण्याच्या ताईंना दाखवा. तो मी पाडलाय. तुमच्या दादांच्या चाकावर."

कुणी हललं नाही. मला वाटलं स्क्रीन अडकली. मग पुण्याहून आत्याआजींचा आवाज आला, "अरे, दाखव की." भाऊजींनी नेट गेल्याचं नाटक केलं. त्यांच्या मागचा पंखा मात्र फिरताना दिसत होता.

मर्यादा उठल्या त्या आठवड्यात कापलेला टायर बदलून मी त्यांची चाकं डिकीत आणि मागच्या सीटवर कोंबून ट्रुगानिनाला गेले. त्यांच्या अंगणात माझी घडीची खुर्ची मांडली.

"ताई, आत या, चहा तरी घ्या," जाऊ म्हणाली.

"चहा नको. चाकं हवीत."

"वहिनी, लोक काय म्हणतील?" भाऊजी हळूच म्हणाले.

"लोकांना सांगून झालंय. जॅक आणा."

तीन तास लागले. मी मास्क लावून बसले होते आणि आजूबाजूचे लोक कुत्री फिरवत दोन-दोनदा जात होते. आजोबांची चाकं माझ्या गाडीत चढली, त्यांची त्यांच्या गाडीला लागली. अंगणातून रस्त्यावर उतरतानाच करकर झाली आणि त्यांनी गाडी तशीच मागे घेतली. अरुंद टायर घातले असते आणि मडगार्डची धार आत दुमडली असती तर त्यांचं बरंचसं काम भागलं असतं. मला ते कळलं होतं. मी सांगितलं नाही. त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

घरी येऊन आजोबांचं मागचं चाक मोजलं. साडेचार. चालण्यासारखं होतं, पण बाहेर जागा जेमतेम. पाव इंचाने माझं माप बरं होतं, म्हणून गाडीला माझीच ठेवली.

धाकट्या आजोबांनी त्यांची गाडी पुढच्या वर्षी विकली. माझी आहे, माझ्या नावावर आहे, रविवारी चालते. आजोबांची चार चाकं गॅरेजमध्ये, चादरीखाली आहेत. भाऊजींशी मी अजून बोलत नाही.