राजोडीच्या परिषदेतली एक सही

पुण्याहून राजोडीला पोहोचले तेव्हा सुरूच्या झाडांमागचा समुद्र दिसण्याआधी रिसॉर्टच्या फाटकावरचा फलक दिसला. दोन देशांतून वाहणाऱ्या नद्यांवरच्या विजेचा लाभ दोघांनी कसा वाटून घ्यावा, यावर परिषद होती. अशी एकही नदी जवळपास नसलेल्या किनाऱ्यावर जमून नदीचं भलं करायला निघालेली मंडळी तूर्त नाश्त्यावर तुटून पडली होती.

काही वर्षं काठमांडूत नोकरी केल्याने मला नेपाळी येते, म्हणून दुभाषी म्हणून बोलावणं आलं. माझ्या वाट्याला एकच बाई होती, नेपाळहून आलेली एकटीच, तिच्या गावाची प्रतिनिधी दिलमाया. तिचं शेत धरणात गेलं. वीज सीमेपलीकडे गेली, गाव अजून अंधारात. त्या विजेतून गावाला जोडणी द्या, एवढंच तिला ठरावात लिहून हवं होतं. तिला पाच मिनिटं दिली होती. अध्यक्षांनी तिसऱ्याच मिनिटाला घड्याळ पाहिलं.

दुपारी पाहुण्यांना ‘स्थानिक जीवन’ दाखवायला होळी गावातल्या एका वाडीत नेलं. केळी, पानवेली आणि मधोमध बावखल (गोड्या पाण्याचं खोदलेलं तळं). एक साहेब फोटो काढताना घसरून चिखलात बसले. जमिनीशी त्यांचा दिवसभरात तेवढाच संबंध आला. वाडीच्या मालकीण हिराबाईंना दिलमायाने माझ्यामार्फत विचारलं, चार घरं एकाच तळ्यावर, मग भांडण नाही होत?

“पानी सगल्यांचा,” हिराबाई म्हणाल्या. “पन तल्यात जागा आमची गेली ना, मंग पयली पाली आमची.”

दिलमायाने वही काढून ते लिहून घेतलं. परिषदेत कुणी पेन उघडल्याचं मला आठवत नाही.

संध्याकाळी इंग्रजीतला ठराव आला. त्यात ‘दोन्ही राष्ट्रांची समृद्धी’ चारदा होती, गाव एकदाही नव्हतं. सही मात्र गावाच्या प्रतिनिधीचीही हवी होती. दिलमायाने कागद माझ्यापुढे धरून विचारलं, “आमच्या गावाची वीज यात आहे ना?”

संयोजक माझ्या कानाशी आले. “आहे म्हणा हो मॅडम. पुढचं पुढे बघू.”

गाडी बाहेर उभी होती आणि मला घाट लवकर गाठायचा होता. मी म्हणाले, “आहे.” तिने एकेक अक्षर जपून सही केली.

तिला विमानतळावर सोडून मी पुढे जाणार होते. उमेळ्याच्या नव्या इमारती मागे पडेपर्यंत तिने गावी फोन लावलाही होता. पलीकडे बायका एकदम बोलू लागल्या, कुणीतरी रडत होतं. त्यांना माझे आभार मानायचे होते. दिलमायाने फोन माझ्यापुढे धरला. मी चालकाला गाडी जरा वेगात घ्यायला सांगितलं.

त्या मंडळींना मी दिवसभर नावं ठेवली. पण तिच्याशी खोटं बोलायला त्यांच्यापैकी कुणाला तिची भाषा येत नव्हती. ती मला येत होती.