रुखवताची झडती

आमची चहाची टपरी पोलीस चौकीच्या समोर होती, एवढ्यावरच मी पंच झाले. गाडीची झडती घ्यायची तर बाहेरची दोन माणसं हजर लागतात. त्यांनी बघायचं आणि कागदावर सही करायची. आमच्या चौकीत बघायचं काम पोलीस करायचे आणि सहीचं आम्ही. हवालदार कागद घेऊन यायचा, "मावशी, दोन स्पेशल आणि एक सही." मी पदराला हात पुसून सही करायची. शेजारचा पंक्चरवाला दुसरा पंच. कागद बहुतेकदा कोराच असायचा. शाळा चौथीपर्यंत झाली होती, सही वळणदार होती, त्याचा मला तोराही होता.

मग एकदा कोर्टात बोलावणं आलं. एका टेम्पोवाल्याची केस होती. त्याच्या वकिलाने विचारलं, "दारू कशात होती?" मी म्हटलं, गोण्यांत. कागदावर लिहिलं होतं कॅन. "टेम्पोचा रंग?" मी म्हटलं, पांढरा. तो निळा होता आणि माझ्या टपरीपासून वीस पावलांवर चौकीच्या आवारात कित्येक महिने गंजत उभा होता. लोक हसले. टेम्पोवाला हसला नाही. तो सुटला, पण त्याने खरंच दारू नेली होती का, हे मला आजही सांगता येणार नाही. मी बघितलंच नव्हतं. त्यानंतर हवालदाराला चहा मिळत गेला, सही मिळाली नाही.

आता टपरी नाही. माझी सून गंगापूर रोडला शाळेच्या पोरांची व्हॅन चालवते. माझ्या मुलाला गाडी चालवायची भीती वाटते, म्हणून तो मागे बसतो आणि ती पुढे. नातीचं लग्न कळवणला ठरलं तेव्हा व्याहीणबाई सुपारी फोडताना म्हणाल्या, "गाडी चालवणाऱ्या बाईला रुखवत कुठलं जमायला! विकत आणा, आम्ही काही बोलणार नाही." सून तिथे हसली. घरी आल्यावर तिने कढई काढली.

दोन महिने ती रुखवत करत होती. मला एक करंजी वळू दिली नाही. "आई, तुमच्या करंज्या तेलात फुटतात." फुटतात, खरं आहे. लाडू, अनारसे, शेवयांची घरटी, आणि मधोमध मांडायला साखरेचं तुळशी वृंदावन, हातभर उंच, चार खांबांचं. नवरी आणि तिचा बाप आदल्या दिवशीच पुढे गेले. लग्नाच्या सकाळी आम्ही दोघी रुखवत घेऊन निघालो. व्हॅनमध्ये सगळी खोकी उशा लावून ठेवली आणि वृंदावनाचं खोकं माझ्या मांडीवर दिलं. "झोपू नका," सून म्हणाली. मी म्हटलं, मला काय झोपाळू समजतेस?

कळवणच्या अलीकडे पोलिसांनी गाडी अडवली. दोन हवालदार रस्त्यावर, साहेब लांब जीपमध्ये फोनवर. एकाने खिडकीतून हात घातला आणि चावी काढून घेतली. सुनेने मोबाईलवर कागद दाखवले, त्याने बघितले.

"मागे काय आहे?"

"रुखवत."

"सगळे असंच सांगतात."

"सगळे रुखवत घेऊन हिंडतात का रे?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "अशाच व्हॅनमधून दारू येतेय, टीप आहे. खोकी खाली घ्या." दुसऱ्याच्या हातात लोखंडी सळई होती, गोण्यांत खुपसून बघतात तसली. ती घेऊन तो मागच्या दाराकडे गेला.

वीस पोरांना एका हाकेत गप्प करणारी माझी सून, तिच्या तोंडून एवढंच निघालं, "बघा साहेब, पण लवकर." मोबाईलवर शूटिंग करून झडती घ्यायची, असा नवा कायदा आहे, हे व्हॅनवाल्यांच्या बैठकीतून तिनेच मला येऊन सांगितलं होतं. ऐन वेळी बाई सगळं विसरली.

मी खोकं सीटवर ठेवून खाली उतरले. "झडती घ्या, अडवत नाही. पण सळई बाजूला ठेवा. दोन पंच बोलवा, शूटिंग करा. खोकी माझी सून उघडेल, तुम्ही बघा. आणि शेवटी काय मिळालं, काय नाही, ते लिहून द्या."

"आजी, वकील आहात का?"

"पंच होते. बिनकामाची."

आवाज चढला तसा साहेब जीपमधून आला. तरुण होता. सगळं ऐकून म्हणाला, "बरोबर बोलताहेत. चावी दे त्यांची. पंच आण."

समोर चहाची टपरी होती. हवालदार ओरडला, "ए ताई, ये, सही कर." टपरीवाली पदराला हात पुसत आली आणि तिने सरळ पेनासाठी हात पुढे केला.

"बाई, आधी बघ," मी म्हटलं.

"रोजचंच हाय मावशी. गिऱ्हाईक खोळंबलंय माझं."

"माझंही खोळंबायचं. उद्या कोर्टात रंग विचारतील, मग काय सांगशील?" आणि तिला निळा टेम्पो सांगितला. तिने पेन परत दिलं आणि पदर खोचला. दुसरा पंच एक मोटरसायकलवाला मिळाला, तो बिचारा घड्याळ बघत राहिला.

पण टपरीवाली अशी बघायला लागली की पोलीस कंटाळले. प्रत्येक खोक्यात डोकं घालायची. अनारशाला जाळी कशी पडली, हे तिने सुनेला दोनदा विचारलं. एका डब्यावर हवालदार लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाला, "संशयास्पद पांढरी पावडर."

"आता गं बया! चाखा की!" ती म्हणाली. तो चाखेना. तिनेच चिमूट तोंडात टाकली. "पिठीसाखर हाय. तसंच लिवा, नाय तर सही नाय." साहेबाने हसू लपवायला तोंड फिरवलं.

शेवटी वृंदावनाचं खोकं. सुनेने झाकण उघडलं आणि तिचा हात थांबला. चारांतला एक खांब मधोमध मोडला होता.

मी तोंड उघडलंच होतं. चावी ओढली तेव्हा धक्का बसला, आता भरून द्या, असं सगळं जिभेवर तयार होतं. तेवढ्यात टपरीवाली म्हणाली, "सायब, हे आधीच तुटलेलं हाय. झाकण काढायच्या आत मी बघत व्हते, कुणी हात नाय लावला. लिवा तसं."

लिहिलं गेलं. झडतीपूर्वीच एक खांब तुटलेला. सुनेने माझ्याकडे बघितलं.

"वणीच्या गतिरोधकावर?" तिने विचारलं.

"जरा डोळा लागला होता," मी म्हटलं.

तिने पिठीसाखरेचा डबा पुढे ओढला. टपरीवालीने लिंबू दिलं. सुनेने पिठीसाखर त्याच्या रसात घट्ट कालवली, खांब जोडला आणि टपरीच्या बाकावर उन्हात धरून बसली. तोवर साहेबाने कागद पुरा केला, आक्षेपार्ह काही मिळून आले नाही, खाली दोन्ही पंचांच्या सह्या, आणि एक प्रत आम्हाला दिली. उरलेल्या वाटेत खोकं माझ्या मांडीवर नव्हतं. सुनेने ते दोन उशांमध्ये पट्ट्याने बांधलं होतं.

मुहूर्ताला अवकाश होता. रुखवत मांडलं आणि बायका गोळा झाल्या. व्याहीणबाईंनी एक फेरी मारली, मग दुसरी मारली.

"छान आहे. कुठून घेतलं?"

सुनेने पर्समधून कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यात सगळी यादी होती, पिठीसाखरेसकट, आणि पुढे, सदर वस्तू चालक महिलेने स्वतः घरी बनविल्याचे सांगितले. व्याहीणबाईंनी तो उभ्या उभ्या वाचला. खांबाच्या ओळीवर थांबल्या. मग चष्मा चढवून वाकल्या आणि चारही खांब जवळून बघितले.

"तुटलेला कोणता?" त्यांनी मला विचारलं.

"या झडतीला मी काही पंच नव्हते," मी म्हटलं.