वर्षाच्या पहिल्या दिवसाचं धुणं

वर्नेल गॅस्किन्सला त्या दिवशी चवळी शिजवायचीच नव्हती. अंगात त्राण नको का! रात्रभर वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात ओल्या चादरी उपसून आलेली बाई, तिला हवी होती फक्त खाट. पण वर्षाचा पहिला दिवस, आणि साउथ कॅरोलायनातल्या त्या गावात त्या दिवशी चवळी शिजली नाही, तर चूल पेटलीच नाही म्हणतात. घातली बिचारीनं भिजवलेली चवळी पातेल्यात.

दरवर्षी तिची नणंद, मिस ओटी, चवळीत घालायला आपल्या धुरीघरात धुरावलेला डुकराचा पाय आणून द्यायची. चांगला काळाभोर, घरात आणला की पडद्यांनाही वास लागायचा. यंदा दुकानातला तुकडा होता, प्लास्टिकमधला. धुराशी त्याची नुसती तोंडओळख.

कारण काय, तर गेल्या वर्षीची एक चादर. पहिल्या दिवशी घरात धुणं काढलं की त्या पाण्याबरोबर घरातलं माणूस वाहून जातं, हे तिथं शेंबडं पोरही सांगेल. कामावरचं धुणं त्यात धरत नाहीत, पोटाची सोय देवालाही कळते. पण वर्नेलचा नवरा एझेल अंथरुणाला खिळलेला, आणि नेमकी त्याच दुपारी त्याची चादर घाण झाली. मग काय, त्यातच लोळवायचं होतं माणसाला? तिनं धुतली. फेब्रुवारीत एझेल गेला, आणि मातीच्या वेळी मिस ओटी सगळ्यांदेखत म्हणाली, "माझ्या भावाला हिनं धुऊन घालवलं."

तेव्हापासून अबोला. वर्नेलला ना मूल, ना बाळ. आपलं म्हणावं असं माणूस उरलं होतं ते एक मिस ओटीच. राग यायचा, पण त्याहून वाईट म्हणजे अंथरुणावर पडलं की वाटायचं, खरंच असेल का ते? तरी आज तिनं दोन ताटल्या मांडल्या होत्या. मिस ओटी आली नाही तर पुन्हा कधी मांडायच्या नाहीत, असं ठरवूनच.

दुपारी दार वाजलं. काठी टेकत मिस ओटी उभी, काखेत वर्तमानपत्राचं पुडकं.

"काय गं, चवळी झाली?"

"होतच आलीय. या ना, मिस ओटी."

म्हातारी थेट चुलीपाशी गेली, झाकण उचलून नाक मुरडलं. "याला धूर म्हणायचा? जळलं मेलं ते दुकान!" आणि पुडक्यातला पाय तिनं स्वतःच्या हातानं पातेल्यात सोडला. पुन्हा तासभर रटरटवावं लागलं. वर्नेल खुर्चीतच पेंगली.

मग मक्याची भाकर रश्श्यात बुडवून दोघी जेवल्या. जेवण झालं तरी मिस ओटी उठेना. मान खाली, दोन्ही हात मांडीवर दाबलेले. वर्नेलचा जन्म लघवीच्या त्या वासात गेला होता, तिला सांगावं लागलं नाही. तिनं एझेलचा जुना झगा आणला, म्हातारीला पुसलं, बदललं. तिचा चर्चला घालायचा पांढरा पोशाख पार भिजला होता.

"अलीकडे कळतच नाही गं मला," मिस ओटी पुटपुटली. मग झग्याची बाही चाचपत, "त्याचंही असंच झालं होतं?"

"हो."

"लाजला होता?"

"रडला, मिस ओटी. मला म्हणाला, ओटीला सांगू नकोस."

म्हातारीनं वर्नेलचं मनगट धरलं. "आणि मी काय काय बोलले तुला. चांगलं केलंस धुतलंस ते. आता हेही धू. आत्ता धू, मी सांगते."

वर्नेलनं पोशाखाची गुंडाळी केली, मागच्या पडवीतल्या बादलीत ठेवली आणि वर झाकण घातलं.

"उद्या धुते."

"अगं, घरभर वास सुटेल!"

"सुटू दे," वर्नेल म्हणाली आणि थकून तिच्याशेजारी बसली. "आज पाणी नाही लावायची मी त्याला. तुम्हीच तर एवढ्या उरलात मला."