ताटातली भाकरी

पुण्याला एडिटिंग शिकायला जायचं की नाही, हे माझ्या कॉलेजच्या छोट्याशा फिल्मवर ठरणार होतं. "तुझा पिच्चर बघतो, मग सांगतो," एवढंच पप्पा म्हणाले होते. त्यात फिल्ममधल्या बापाचं काम त्यांनाच दिलेलं, कारण फुकट यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. प्रसंग साधा होता. बाप जेवतोय, मुलगी बाहेरगावी शिकायला जाऊ का म्हणून विचारते, बाप नाही म्हणतो. ते 'नाही' त्यांना शिकवावं लागलं नाही.

शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये शॉट जोडायला बसले आणि घोळ दिसला. लांबच्या शॉटमध्ये ताट भरलेलं, जवळच्या शॉटमध्ये लख्ख पुसलेलं, पुन्हा लांबून बघावं तर भाकरी हजर! आमच्यात ताटात अन्न टाकत नाहीत. मी 'कट' म्हटलं की पप्पा समोरचं सगळं संपवायचे आणि आई, आठवेल तेव्हा, पुन्हा वाढायची. ताटाला हात लावू नका म्हणून मी घसा कोरडा केला होता. "आन्न टाकून उठू व्हय?" पप्पा दुकानातल्या आवाजात ओरडले होते. मग मीही चेहराच बघत बसले, ताट बघायचं राहिलं.

"लोकांना ताट दिसलं की बाप दिसायचा बंद होतो," लॅबमधले आमचे सर म्हणाले. "दोन शॉटच्या मध्ये तिसरं काहीतरी घाल. तेवढ्यात डोळा ताट विसरतो."

तिसरं आणायचं कुठून? फिल्म उद्या द्यायची होती, आणि पप्पा शाहूपुरीतलं दुकान माझ्यासाठी पुन्हा बंद ठेवणार नव्हते. मला घरादाराचा संताप आला. या भाकरीपायी माझं पुणं जाणार होतं.

चिडून मी टाकाऊ तुकडे चाळायला लागले. एकदा 'कट' म्हटल्यावर कॅमेरा बंद करायचा राहिला होता. मी खाली वाकून लाइटची वायर सोडवत असणार. पप्पा घास चावत माझ्याकडे बघत होते. एसटी सुटल्यावर स्टँडवर मागे राहिलेला माणूस बघतो, तसे. मला रडू आलं. तो तुकडा मी त्यांच्या "न्हाय जायाचं"च्या पाठोपाठ जोडला. ताट कुठंच खटकेना.

संध्याकाळी पप्पा आणि आई लॅपटॉपसमोर बसले. मी पडद्याकडे बघतच नव्हते, पप्पांकडे बघत होते. 'न्हाय जायाचं' आलं, पाठोपाठ ती नजर आली.

"हे कवा घेतलंस?"

"तुम्ही जेवत होता तेव्हा."

"मागं घे."

मी मागं घेतलं. त्यांनी पुन्हा पाहिलं, मग आईकडे वळले.

"न्हाय म्हणतोय खरं, बघ की त्याच्याकडं. ह्यो कसला अडवतोय पोरीला!"